टेलरबाईंचा पंप

पोटात नळी बसवली की माणूस जरा नरम पडतं, अशी माझी समजूत होती. आमच्या बाईसाहेबांनी ती पहिल्याच आठवड्यात उसवून माझ्या हातात दिली.

मी जन्मभर बस चालवली. रस्त्यावर हट्टी माणसं काही कमी भेटली नाहीत. दार लागल्यावर दारावर थापा मारणारी, पुढे जागा असताना पायरीवरच लटकणारी, चुकीच्या बसमध्ये चढून बसच चुकली म्हणणारी. पण त्या सगळ्यांना शेवटच्या थांब्यावर उतरवून मी मोकळा व्हायचो. हिला कुठे उतरवणार?

ही म्हणजे माझी बायको. आमच्या रस्त्यावर तिला सगळे टेलरबाई म्हणतात. इमारतीच्या तळाला तिचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आम्ही. कोट, पडदे, लग्नाचे पायघोळ झगे, उसवलेलं, फाटलेलं, अंगाला न होणारं, सगळं तिच्याकडे येतं. शिवणीला हात असा की विचारू नका, आणि जीभ अशी की तेही विचारू नका. एखादी गिऱ्हाईक बाई म्हणाली, "कंबर जरा घट्ट वाटतेय हो," तर ही मान वर न करता म्हणणार, "माप देताना पोट आत ओढलं होतंत. आता जन्मभर ओढून धरा." तरी ती बाई पुढच्या वेळी परत येणार. का येते, ते मला आजवर कळलेलं नाही.

मग तिच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, पुढे किरणांचे शेक झाले, दुखणं गेलं, पण जाताना अन्ननलिका आवळून गेलं. पाण्याचा घोट घेतला तरी ठसका लागायचा आणि पाणी फुप्फुसात जायचं. आवाज कायमचा बसला. बोलणं मात्र कमी झालं नाही, आता ती बसक्या आवाजात बोलते एवढंच. डॉक्टरांनी पोटाला बाहेरून बारीक भोक पाडून तिथे एक बटण बसवलं आणि सांगितलं, तोंडाने काही घ्यायचं नाही, घोटभर चहासुद्धा नाही. जे काय ते या बटणातून आत जाणार. अंगात ताकद येऊ दे, वजन नीट वाढू दे, मग दुसरं ऑपरेशन करून अन्ननलिका मोकळी करू, म्हणजे कदाचित तोंडाने खाता येईल. त्यातलं 'कदाचित' मी ऐकलं. हिने ऐकलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय. वजन. ते वाढलं तर ऑपरेशन, नाही वाढलं तर नाही.

सुरुवातीला एक उंच स्टँड दिला होता. त्यावर फीडची पिशवी टांगायची, खाली पंप, पंपातून नळी पोटाच्या बटणाला. फीड म्हणजे डब्यात तयार मिळणारं पातळ, फिकट तपकिरी, व्हॅनिलाच्या वासाचं काहीतरी. ते थेंबाथेंबाने आत जातं, त्यामुळे दिवसभर त्या स्टँडपाशी बसून राहायचं. दुकान बंद. दुकान बंद म्हटल्यावर हिचा सगळा तोफखाना माझ्याकडे वळला. मी पडदा लावला तर चुण्या वाकड्या, मी चादर घातली तर टोकं लोंबतात, मी शर्ट घातला तर कॉलर मेलेली. शेवटी मीच हॉस्पिटलात जाऊन सिस्टरसमोर हात जोडले. सिस्टर म्हणजे तिथली नळीवाल्या पेशंटांचं बघणारी नर्स, मोठी गुणी बाई. ती म्हणाली, "अहो, आता पाठीवर घ्यायचा छोटा पंप मिळतो. सॅकमध्ये बसतो. वरच्या कप्प्यात फीड, खालच्या कप्प्यात पंप. बाईंना म्हणावं, सॅक अडकवा आणि खुशाल दुकानात जा."

मला वाटलं, सुटलो एकदाचा.

सॅक घरी आणली. हिने ती हातात घेतली, उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि नाक मुरडून म्हणाली, "कुणी शिवलंय हे? झोपेत शिवलंय का?"

"अगं, औषधोपचाराची वस्तू आहे ती. फॅशन शोला जायचंय का तुला?"

"पाठीवर कुबड दिसतंय. हे घालून मी गिऱ्हाइकाला फिटिंग शिकवणार?"

मी तोंड धुऊन येईपर्यंत तिने सॅक उसवलेली होती. नवी कोरी सॅक! टेबलावर तिचे तुकडे पसरलेले, पंप बाजूला उघडा पडलेला, आणि बाईसाहेब खडूने खुणा करतायत. मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी सॅक तयार झाली, आणि खरं सांगायचं तर दिसायला झकास. पंप असा चपखल बसला होता की पाठीवर काही आहे हे कळू नये. हिने आरशात दोन्ही बाजूंनी वळून पाहिलं, मी पंप सुरू केला, आणि तो लगेच बोंबलायला लागला. टीं टीं टीं टीं. बस मागे घेताना वाजते ना, अगदी तशी.

बंद केला, सुरू केला. टीं टीं. नळी सोडवली, परत लावली. टीं टीं. सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, "नळीला मोड पडत असेल. जागा सैल ठेवायला सांगा."

"सैल ठेव म्हणते," मी सांगितलं.

"सैल?" ही म्हणाली. हयातीत कुणी तिला एवढा घाणेरडा शब्द बोललं नव्हतं. "माझ्या हातून सैल काही बाहेर पडत नाही."

"मग तुझ्या पोटात काही जात नाही. बस कवटाळून फिटिंग!"

शेवटी तोंड वाकडं करून तिने कोपऱ्यातली शिवण उसवली आणि नळीला वळायला जागा केली. तिच्या मते सॅकची वाट लागली. पंप मात्र गप्प झाला. सॅक पाठीला लावून ती जिना उतरली, दुकानाचं शटर वर केलं, आणि रस्त्यावर बातमी गेली की टेलरबाई आल्या.

पहिले काही दिवस खालून अधूनमधून टीं टीं ऐकू यायचं. झग्याचा घेर मापायला ती गुडघ्यावर बसली की नळी दबायची. मी धावत जिना उतरायचो, ती हातानेच मला हाकलायची, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं की मीच वाजतोय. मग हळूहळू आवाज बंद झाला. आठवडाभर एकदाही वाजला नाही. मी खूश. भेटेल त्याला सांगत सुटलो, आमच्या हिने कंपनीची सॅक सुधारली म्हणून. संध्याकाळी ती वर आली की मी विचारायचो, "लावलं होतंस ना? सगळं गेलं ना?" ती मानेनेच हो म्हणायची. मी पिशवी बघायचो, तर रिकामी. पंपाच्या पडद्यावर दिवसभरात किती फीड गेलं ते दिसतं, तेही बरोबर. मी बटणात पिचकारीने पाणी सोडून नळी धुवायचो आणि समाधानाने पंप चार्जिंगला लावायचो. केवढा मी शहाणा!

मधूनमधून हॉस्पिटलात वजनाला जायचं असायचं. ती बूट काढून काट्यावर चढायची, आणि दर वेळी सिस्टर ओरडायची, "वाढलं हो बाई, वाढलं!" डॉक्टरही खूश. मला मात्र काहीतरी खटकत होतं. वजन वाढतंय म्हणतात, आणि हिच्या गालाची हाडं वर आलेली. मनगट तर असं झालेलं की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. मी म्हटलं, "अगं, वजन वाढतंय ते दिसत का नाही कुठे?"

"वयच तसं आहे. सगळं खाली उतरतंय," ती म्हणाली.

मी त्यावर विश्वास ठेवला! एवढी वर्षं बस चालवली, आरशात मागचं सगळं दिसायचं मला, आणि घरातली बाई मला असं काहीतरी सांगते आणि मी मान डोलावतो. डॉक्टरांनी दुसऱ्या ऑपरेशनची तारीख दिली. पुढचाच आठवडा. त्या दिवशी परत येताना ही बसमध्ये गुणगुणत होती. त्या फाटक्या आवाजात. किती बरं वाटलं मला, काय सांगू.

ऑपरेशनच्या आधी तिचे कपडे धुऊन ठेवावेत म्हणून मी सकाळी कपाट उघडलं. वजनाला जाताना ती एकच घेरदार लांब स्कर्ट घालायची. करडा, जाड कापडाचा. मी तो हँगरवरून ओढला तर हँगरची दांडी कडाड करून मोडली, आणि स्कर्ट धप्पकन माझ्या पायावर पडला. पायावर! अंगठा कळवळला. स्कर्ट पडला म्हणून कुणाचा अंगठा दुखतो का?

मी तो उचलला. अरे बाप रे. खालची दुमड हाताने चाचपली तर आत काहीतरी मण्यांसारखं, घट्ट, गोल गोल फिरलेलं. कमरपट्टीतही तेच. पडद्यांच्या तळाला शिशाची साखळी घालतात, पडदा उडू नये, सरळ पडावा म्हणून. दुकानात तिची रिळंच्या रिळं असतात. बाईसाहेबांनी ती स्कर्टात घातली होती, एकावर एक, दर वेळी नवा वेढा. आणि टाके? असे सुबक की बाहेरून कळायची बिशाद नाही. वजन वाढत होतं ते पडद्याचं!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो स्कर्ट घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. ही खिडकीशी बसून सकाळचं फीड घेत होती. मी स्कर्ट टेबलावर आपटला. कप हादरले.

"हे काय आहे?"

तिने स्कर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हळू. दुमड उसवेल."

"दुमड उसवेल? दुमड? अगं बाई, तुला वेड लागलंय का? डॉक्टर तुला कापणार आहेत पुढच्या आठवड्यात! कशाच्या भरवशावर? या शिशाच्या?"

"एवढ्याने काय होतंय. थोडं कमी असेल वजन."

"आणि तिथे दाखल झाल्यावर हॉस्पिटलचा गाऊन देतात अंगावर. तेव्हा काय करणार होतीस?"

"गाऊनलाही दुमड असतेच," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसलो, परत उठलो. मग डोक्यात दुसरा किडा वळवळला. वजन वाढलं नाही, तर ते फीड जातं कुठे? पिशवी रिकामी असते, पंप सगळं गेलं म्हणतो. मी तिला विचारलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. ही खिडकीबाहेर बघायला लागली की समजावं, मामला गंभीर आहे.

मी किल्ली घेऊन खाली गेलो. दुकानाच्या मागे एक अंधारी खोली आहे, तिथे इस्त्रीचं टेबल आणि हात धुवायचं बेसिन. बेसिनच्या वर एक नवीन खिळा. दार उघडताच व्हॅनिलाचा वास आला. बेसिनच्या जाळीवर तपकिरी साय धरली होती. सगळं लख्ख कळलं. दुकान उघडलं की सॅक खिळ्याला, नळीचं टोक बेसिनमध्ये, पंप चालू. दिवसभर पंप इमानेइतबारे बेसिनला पोसत होता आणि माझी बायको बाहेर कोट शिवत होती. म्हणून तो वाजत नव्हता! आणि मी मेला रस्ताभर फिटिंगचं कौतुक करत होतो.

वर आलो तेव्हा माझा राग शिगेला पोचलेला होता. "का? एवढंच सांग मला, का?"

"कापडापाशी खाणंपिणं नाही," ती म्हणाली.

हा तिचा नियम. दुकान उघडलं त्या दिवसापासूनचा. कटिंगच्या टेबलाच्या आसपास चहाचा कप नाही, बिस्किट नाही, गिऱ्हाइकाच्या हातात चॉकलेट असलं तरी त्याने ते बाहेर संपवून यायचं. मीसुद्धा खाली डबा घेऊन गेलो तर दारातून परत पाठवलेला माणूस. पांढऱ्या झग्यावर एक थेंब पडला तर झगा गेला, गिऱ्हाईक गेलं, आणि नावही गेलं. हे सगळं मला पाठ होतं. पण पाठीवरच्या बंद पिशवीलाही तो नियम लागू आहे, हे कुणाच्या डोक्यात येईल?

"अगं, ते सीलबंद असतं! नळी कपड्याच्या आत असते!"

"एकदा सुटली होती जोडणी. गुडघ्यावर बसले होते. लग्नाचा झगा होता पुढ्यात. मी हात मध्ये घातला म्हणून वाचला." तिने दम घेतला. बोलताना तिला दम लागतो. "आणि ती मुलगी नाकाला रुमाल लावून मागे सरकली. मला म्हणाली, तुमचं होऊ दे, मी नंतर येते. आली नाही."

"मग गेली तर गेली! आग लागो त्या झग्याला! मला तू हवी आहेस की झगे?"

"ओरडू नका. वजन दाखवल्याशिवाय ते ऑपरेशन करणार नव्हते. मला ऑपरेशन हवं होतं."

"एवढी घाई? कशाला? खायला? अगं, जीव गेला असता तर काय खाल्लं असतंस?"

"मला नको खायला," ती म्हणाली. "तुम्ही जेवावं म्हणून."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"जिन्यात उभं राहून गिळता तुम्ही. मधल्या मजल्यावर. मला काय कळत नाही? वास येऊ नये म्हणून थंडगार काहीबाही खाता, दोन घासांत उरकता. तुमच्या पँटी दोनदा आत घेतल्या मी. तुम्हाला सांगितलं, कापड सैल पडलंय. कापड कुठे सैल पडतं? माणूस पडतो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती माझ्यावरच चिडली होती. "मला एकदा हे नीट करून घ्यायचं होतं. म्हणजे तरी टेबलाशी बसून जेवाल माणसासारखे."

हे खरं होतं. तिच्यासमोर घास घशाखाली उतरत नव्हता माझ्या, काय करणार! पण तिला पत्ता नसेल अशी माझी खात्री होती. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी म्हणालो, "ऊठ. डॉक्टरांकडे चल. तू सांगतेस की मी सांगू?"

"मीच सांगते," ती म्हणाली. तिने स्कर्टाची घडी घातली आणि पिशवीत भरला.

डॉक्टरांच्या टेबलावर तिने तो स्कर्ट ठेवला. "हे वजन यातलं आहे," एवढंच बोलली. डॉक्टरांनी स्कर्ट उचलून पाहिला, खाली ठेवला. ते हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील, मग मीही हसेन आणि विषय जरा हलका होईल. त्यांनी सिस्टरला बोलावलं, हिला गाऊन घालून परत काट्यावर उभं केलं. सिस्टरने आकडा पाहिला आणि या वेळी ओरडली नाही. कागदावर लिहून डॉक्टरांपुढे सरकवला. पहिल्या दिवशी आलो होतो, त्याहूनही कमी भरलं होतं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "मी पुढच्या आठवड्यात तुम्हाला टेबलावर घेणार होतो. आत टाके घातले असते. या अंगात ते भरून आलेच नसते. आतल्या आत सुटले असते, आणि मला काहीही करता आलं नसतं."

तिने टेबलावरच्या स्कर्टाची दुमड चाचपली. मग हळूच म्हणाली, "विरलेल्या कापडावर टाका धरत नाही."

"नाही धरत," डॉक्टर म्हणाले.

"मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. आमच्या संसारात हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकायला अजिबात बरं वाटलं नाही.

ऑपरेशन पुढे गेलं. कधीपर्यंत, ते डॉक्टर सांगेनात. वजन खरोखर वाढेल तेव्हा बघू, म्हणाले. तोवर दोनच मार्ग होते. एक तर वॉर्डात दाखल व्हायचं, तिथे नर्सेस बघतील. नाही तर घरी राहायचं, पण पंप दिवसभर पोटाला जोडलेला पाहिजे, एक थेंब बेसिनला नाही. "दुकानात बसलात तरी चालू राहिला पाहिजे. जमणार नसेल तर आत्ता सांगा, बेड तयार करतो." मीच म्हणालो, "जमेल." मग बसमध्ये वाटभर भीती वाटत राहिली, की मी हे कशाच्या जोरावर बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सॅक पाठीला लावली. मी नळी जोडली, जोडणीवर चिकटपट्टी मारली, पंप सुरू केला. ती जिना उतरायला लागली, मी मागोमाग.

"तुम्ही कुठे?"

"राखण करायला. तुझा भरवसा उरलेला नाही मला."

"मग डबा घ्या."

"काय?"

"डबा घ्या म्हणते. बहिरे झालात का? मला कापडापाशी बसून हे घ्यायला लावताय ना? मग तुम्हीही तिथेच बसायचं. नियम मोडायचा तर दोघांनी मोडायचा. जिन्यात जेवताना दिसलात तर बघा."

मी डबा घेतला. काय करता. दुकानात गेल्यावर तिने मला कटिंगच्या टेबलापासून लांब, मशीनच्या पलीकडे स्टुलावर बसवलं, मांडीवर जुनी चादर टाकली, वर आणखी एक चादर टाकली, आणि बजावलं की सांडलंत तर याद राखा. मग ती कामाला लागली. पण हात चालेना. कात्री उचलायची आणि ठेवायची. दर थोड्या वेळाने कमरेपाशी हात नेऊन जोडणी चाचपायची. रस्त्यावरून कुणी गेलं की अंग चोरायची. पाठीवरचा पंप बारीक घरघरत होता आणि ती त्याला असं ऐकत होती, जणू सगळ्या रस्त्याला ऐकू जातंय. मला वाटलं, ही आत्ता सॅक काढणार. आत्ता काढणार, मग मी भांडणार, मग वॉर्ड. मी डबा उघडला होता पण पहिला घास हातातच होता.

तेवढ्यात एक माणूस दारात आला. भिंती रंगवणारा पेंटर होता. अंगभर रंगाचे शिंतोडे, हातात एक जाकीट. असल्या माणसाशी ही एरवी पायरीवरूनच बोलते.

"बाई, याची चेन गेलीय. बदलून मिळेल का?"

ती पुढे झाली, जाकीट घ्यायला वाकली, आणि पंप ओरडला. टीं टीं टीं टीं. ती जागच्या जागी थिजली. तिचा चेहरा मी पाहिला. मी चादरी सांभाळत उठलो, खरकट्या हाताने कसाबसा सॅकचा कप्पा उघडला, नळी सरळ केली, पंपाचं बटण दाबलं. आवाज थांबला.

"हे काय असतं?" पेंटरने विचारलं. वाईट हेतू नव्हता त्याचा, पण हिला मान वर करवेना.

मी म्हणालो, "त्यांना तोंडाने घेता येत नाही. ते पिशवीतून पोटात जातं. चालू आहे आत्ता."

त्याने सॅककडे पाहिलं, खाली जाणाऱ्या नळीकडे पाहिलं, माझ्या डब्याकडे पाहिलं. मग एकदम ओशाळून एक पाऊल मागे सरकला.

"अरेरे, जेवताय होय तुम्ही! मग आधी सांगायचं ना. बसा बसा, सावकाश होऊ द्या जेवण. मला घाई नाही, मी बसतो इथे." आणि रंगाची पँट लागू नये म्हणून तो दाराबाहेरच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसला.

ही तशीच उभी. वर्षभर डॉक्टर तिला विचारायचे, फीड कसं चाललंय. सिस्टर विचारायची, किती गेलं. मी विचारायचो, लावलंस का, धुतलंस का, संपलं का. जेवलीस का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी, तिचा नवरा.

तिने हातातलं जाकीट टेबलावर ठेवलं. मशीनपुढची खुर्ची ओढून माझ्यासमोर आणली आणि पाठीवरची सॅक सांभाळत तीत नीट बसली.

"बघत काय बसलात?" ती त्या बसक्या आवाजात म्हणाली. "घ्या. गार होतंय."

पेंटर पायरीवर थांबून राहिला, आणि आम्ही दोघं जेवलो.